शस्त्र ठेवल्यानंतर : सातारा, तेलंगण आणि आपला मराठवाडा

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी गडचिरोलीत मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रे खाली ठेवली. माओवादी पक्षाच्या सर्वोच्च नेतृत्वातला हा माणूस. त्या आठवड्यात नववीच्या मराठीच्या तासाला एका मुलाने विचारले, "मॅडम, हा आता इलेक्शनला उभा राहू शकतो का?" वर्ग हसला. मी घाटकोपरला उर्दू आणि मराठी शिकवते. वर्गात आझमगड-जौनपूरकडची मुले आहेत, तशीच वाळवा, तासगाव, खानापूरकडची मुलाणी, शिकलगार, आतार घरांतलीही आहेत. मला हसू आले नाही, कारण या प्रश्नाचे अर्धे उत्तर त्यातल्याच काही मुलांच्या गावात आहे आणि उरलेले उत्तर आपल्या उर्दूच्या पुस्तकात.

कायद्याचे उत्तर सोपे आहे. दोन वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षा झाली, तर शिक्षेचा काळ आणि त्यानंतरची सहा वर्षे निवडणूक लढवता येत नाही. शिक्षाच झाली नसेल, तर लढवता येते. पण त्या मुलाला कलम नको होते. काल बंदूक घेऊन फिरणारा माणूस उद्या हात जोडून मत मागायला आला तर लोक त्याला देतील का, आणि दिले तर ते योग्य का, हे त्याला विचारायचे होते. आपल्या महाराष्ट्राने हे एकदा करून पाहिले आहे.

सातारा जिल्हा तेव्हा मोठा होता. आजचा बराचसा सांगली जिल्हाही त्यातच होता. १९४२ चे आंदोलन दडपले गेल्यावर इथले कार्यकर्ते भूमिगत झाले आणि १९४३ पासून त्यांनी गावोगाव स्वतःचा कारभार सुरू केला. हेच प्रतिसरकार. त्याचे पुढारी येडेमच्छिंद्रचे नाना पाटील. लोक त्यांना क्रांतिसिंह म्हणत. कुंडलचे जी. डी. बापू लाड तुफान सेनेचे नेते होते, वाळव्याचे नागनाथअण्णा नायकवडी सशस्त्र गटात. ७ जून १९४३ रोजी शेणोलीजवळ रेल्वे अडवून इंग्रज सरकारचा पगाराचा पैसा पळवला गेला. १४ एप्रिल १९४४ रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला गेला, त्यात साडेपाच लाख रुपये होते. हे पैसे चळवळीसाठी लागत होते, पण इंग्रजांच्या कागदावर तो दरोडाच होता.

प्रतिसरकारने फक्त बंदुका चालवल्या नाहीत. न्यायदान मंडळे नेमून गावचे तंटे सोडवले, दारूबंदी केली, सावकारी आणि गुंडगिरीला चाप लावला, कमी खर्चात लग्ने लावली. त्यांना लोक गांधी लग्न म्हणत. गुन्हेगाराला आणि पोलिसांच्या खबऱ्याला तळपायावर काठीने मारण्याची शिक्षा असे, तिला पत्री म्हणत. पायाला घोड्यासारखी नाल ठोकतात ही अफवा त्यातूनच उठली आणि प्रतिसरकारचे पत्रीसरकार झाले. मे १९४४ मध्ये गांधीजी सुटले. भूमिगतांनी उघड व्हावे असा सल्ला त्यांनी दिला. साताऱ्यातल्या बहुतेकांनी तो मानला नाही. लढा चालू राहिला तो १९४६ पर्यंत. त्या वर्षी फेब्रुवारीत मणदूरला पोलिसांशी झालेल्या चकमकीत किसन अहीर आणि आझाद हिंद सेनेतून आलेले नानकसिंग मारले गेले.

एप्रिल १९४६ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले, वॉरंटे मागे घेतली गेली आणि भूमिगत माणसे उजेडात आली. यशवंतराव चव्हाण तीन वर्षांपूर्वी याच जिल्ह्यात पोलिसांना हवे होते. ते आता निवडून येऊन गृहखात्याचे संसदीय सचिव झाले होते! ज्या खात्याचे शिपाई त्यांना शोधत फिरत होते, त्याच खात्याच्या फायली त्यांच्या टेबलावर येऊ लागल्या. सत्तेत ओळखीचा माणूस असणे, ही परतीची पहिली सोय. ती सगळ्यांना मिळत नाही, हे पुढे येईलच.

यानंतर साताऱ्याची माणसे तीन वाटांनी गेली.

पहिली वाट सत्तेच्या पक्षात. वसंतदादा पाटील २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून पळाले. पाठलागात त्यांना गोळी लागली, दोन साथीदार ठार झाले. १९४६ ला सुटले, १९५२ ला आमदार झाले, सांगलीत सहकारी साखर कारखाना उभा केला आणि १९७७ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. आज मुंबईच्या उपनगरांत जी विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजे दिसतात, त्यांना परवानगी देण्याचे धोरण १९८३ मध्ये याच तुरुंग फोडणाऱ्या माणसाच्या सरकारने घेतले. त्या धोरणाचे बरेवाईट आपण रोज बघतो, तो वेगळा विषय.

दुसरी वाट विरोधात. नाना पाटील काँग्रेसमध्ये राहिले नाहीत. ते शेतकरी कामगार पक्षात गेले, मग कम्युनिस्ट पक्षात. १९५७ मध्ये, संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत, ते साताऱ्यातून लोकसभेवर निवडून आले. मला ही वाट सगळ्यात महत्त्वाची वाटते. सत्तेत सामावून घेणे सोपे असते, खुर्ची दिली की माणूस गप्प बसतो. पण ज्याने कधीकाळी बंदूक चालवली, त्याला सरकारच्या विरोधात उभे राहून कायद्याने भांडू देणे आणि तो जिंकला तर ती जीत मान्य करणे, यातच राज्यकर्त्यांची परीक्षा असते. त्या बाबतीत १९५७ चे सरकार पास झाले.

तिसरी वाट गावातच राहण्याची. नागनाथअण्णा १९५७ आणि १९८५ मध्ये विधानसभेवर निवडून गेले, पण त्यांचे खरे काम वाळव्यातले. साखर कारखाना काढला आणि त्याला मणदूरला पडलेल्या किसन अहीरांचे नाव दिले. धरणग्रस्तांसाठी लढले, आणि आटपाडीच्या दुष्काळी भागात समन्यायी पाणीवाटपाची मागणी डॉ. भारत पाटणकरांबरोबर उभी केली. २००९ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. इंग्रजांच्या खजिन्यावर धाडी घालणारा माणूस दिल्लीच्या सरकारचे पदक घेतो आणि तरी त्याच सरकारविरुद्ध मोर्चा काढत राहतो. लोकशाहीत या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात.

हे सगळे गोड झाले असे समजू नका. कासेगावचे बाबूजी पाटणकर प्रतिसरकारचे पुढारी होते. १९५२ मध्ये, म्हणजे स्वातंत्र्य आल्यावर, पहिली निवडणूक झाली त्या वर्षी, त्यांचा खून झाला. त्यांच्या पत्नी इंदुताई स्वतः भूमिगत चळवळीतल्या. त्या शिक्षिका झाल्या, मुलाला वाढवले आणि शेवटपर्यंत चळवळीत राहिल्या. तुफान सेनेबरोबर काम केलेल्या नाना पाटलांच्या कन्या हौसाताई नव्वदी ओलांडल्यावरही शेतकऱ्यांच्या मोर्चात दिसत. पण त्या पिढीतल्या या दोघींना विधानसभेची वा लोकसभेची पायरी चढायला मिळाली नाही. परतीच्या रस्त्यावर पुरुषांसाठी तिकीट होते, बायकांसाठी चूल आणि शाळा. आणि ज्यांना पत्री बसली त्यांचे काय? त्यात खरे खबरे होते, तसे गावच्या वैरातून अडकवलेलेही असणार. त्यांच्या तक्रारी कुणी ऐकल्या नाहीत. जिंकलेल्या बाजूच्या काठीचा हिशेब सहसा मागितला जात नाही.

आता पूर्वेला जाऊ. साताऱ्यात वॉरंटे रद्द होत होती, त्याच १९४६ च्या जुलैमध्ये निजामाच्या राज्यात तेलंगणात सशस्त्र उठाव पेटत होता. ४ जुलैला देशमुखाच्या माणसांनी दोड्डी कोमरय्याला मारले आणि वेठबिगारीविरुद्धची कम्युनिस्टांची चळवळ हत्यारबंद झाली. या चळवळीतले एक नाव उर्दू वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. मख़दूम मोहिउद्दीन. मेदक जिल्ह्यात १९०८ मध्ये जन्म, हैदराबादच्या सिटी कॉलेजात उर्दूचे शिक्षक, नोकरी सोडून कामगार संघटनांत, मग भूमिगत. १९४४ मध्ये त्यांचा 'सुर्ख़ सवेरा' हा संग्रह आला. बऱ्याच लोकांना ते फक्त 'बाज़ार' या १९८२ च्या सिनेमातल्या गझलेचे शायर म्हणून ठाऊक आहेत. माझ्या विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगते की हा शायर आपल्यासारखाच शाळा-कॉलेजात उर्दू शिकवत होता, आणि त्याच्यामागे पोलीस होते.

तेलंगणातला लढा साताऱ्यापेक्षा अवघड होता. सातारकरांचा शत्रू इंग्रज होता आणि १९४७ ला तो गेला. तेलंगणातल्या कम्युनिस्टांचा शत्रू आधी निजाम आणि त्याचे देशमुख होते. सप्टेंबर १९४८ नंतर मात्र त्यांच्यासमोर भारताचे सैन्य उभे राहिले. म्हणजे शत्रू बदलला आणि त्यांच्या बंदुकीचा अर्थही रातोरात बदलला. देशभक्त ठरायचे तर बंदूक ठेवायची, जमिनी राखायच्या तर चालू ठेवायची, अशी कोंडी झाली. चार हजारांवर कम्युनिस्ट आणि शेतकरी लढवय्ये मारले गेले असे पक्षाचे म्हणणे आहे. २१ ऑक्टोबर १९५१ रोजी पक्षाने लढा मागे घेतला.

तारीख बघा. देशातली पहिली सार्वत्रिक निवडणूक याच ऑक्टोबरात सुरू झाली. हैदराबाद राज्यात कम्युनिस्ट पक्षावर बंदी होती. तरी त्यांची माणसे पीपल्स डेमोक्रॅटिक फ्रंट या नावाने उभी राहिली आणि त्यांना उभे राहू दिले गेले. नलगोंड्यातून रावी नारायण रेड्डी लोकसभेवर गेले, पंडित नेहरूंपेक्षाही जास्त मते घेऊन. मख़दूमना १९५१ मध्ये अटक झाली होती. ते १९५२ मध्ये हुजूरनगरमधून विधानसभेवर निवडून गेले, पुढे विधान परिषदेत विरोधी पक्षनेते झाले. १९६९ मध्ये 'बिसात-ए-रक्स'साठी त्यांना साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि त्याच वर्षी ते वारले. राज्यानेही चळवळीची एक मागणी अर्धीमुर्धी का होईना उचलली. १९४९ मध्ये जहागिरी रद्द झाल्या आणि १९५० मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा आला. शस्त्र ठेवणाऱ्याच्या हातात काहीतरी पडले, म्हणून त्याला घरी जाऊन सांगता आले की मेलेले फुकट मेले नाहीत.

हुजूरनगरच्या शेतकऱ्यांनी मख़दूमना मत दिले ते मुसलमान म्हणून नव्हे आणि मुसलमान असूनही नव्हे. जमिनीच्या भांडणात तो माणूस त्यांच्या बाजूने होता, एवढेच त्यांनी पाहिले. ही गोष्ट पोलीस कारवाईनंतर चार वर्षांच्या आत, त्याच हैदराबाद राज्यात घडली. म्हणूनच तिसरी गोष्ट सांगणे भाग आहे. ती सांगताना आपल्याकडे आवाज खाली जातो.

रझाकार हे गनिमी लढवय्ये नव्हते. ती निजामाच्या राज्याची पाठराखण करणारी हत्यारबंद संघटना होती आणि तिने गावे जाळली, माणसे मारली. 'इमरोज़' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्लाह ख़ान यांनी भारतात विलीन होण्याची बाजू मांडली म्हणून २२ ऑगस्ट १९४८ रोजी त्यांचा खून झाला. हे आपण स्वतःच्या तोंडाने सांगितले पाहिजे. या संघटनेचा नेता क़ासिम रझवी लातूरला वकिली करत होता. पोलीस कारवाई १३ ते १७ सप्टेंबर १९४८ अशी पाच दिवस चालली. रझवी तुरुंगात गेला, १९५७ मध्ये सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. पंतप्रधान लायक़ अली १९५० मध्ये पळून तिकडेच गेले. आणि ज्याच्या गादीसाठी हे सारे झाले, तो निजाम २६ जानेवारी १९५० पासून १९५६ पर्यंत भारतीय संघराज्यात हैदराबादचा राजप्रमुख होता.

मागे राहिले ते उस्मानाबाद, नांदेड, बीदर, गुलबर्ग्याचे साधे मुसलमान. विणकर, बागवान, शेतमजूर, निजामाच्या कचेरीतले कारकून. नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल आणि क़ाझी अब्दुल ग़फ़्फ़ार यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस दौरा केला. कारवाईदरम्यान आणि नंतर कमीत कमी २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज त्यांनी दिला. सर्वांत जास्त फटका याच चार जिल्ह्यांना बसला होता. तो अहवाल कित्येक दशके प्रसिद्ध झाला नाही. नेते तुरुंगात किंवा कराचीत, नवाब राजप्रमुखपदी, आणि या लोकांच्या वतीने बोलणारा कुणी नाही.

तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की फरक दिसतो. बंदूक ठेवणाऱ्या पुढाऱ्याला राजकारणात परत घेणे ही त्याच्यावरची मेहेरबानी नसते. त्याच्या मागे जी हजारो माणसे होती, त्यांना त्यातून वकील मिळतो. सातारच्या तुफान सैनिकाला वसंतदादा मिळाले, नाना पाटील मिळाले. पेन्शनचा कागद असो की ऊस असो, तो कुणाच्या तरी दारात जाऊ शकत होता. तेलंगणच्या कुळाला रावी नारायण रेड्डी आणि मख़दूम मिळाले. मराठवाड्याच्या मुसलमानाला कुणीच मिळाले नाही. रझवीला परत घ्यायला हवे होते असे मी मुळीच म्हणत नाही. ज्याच्या हाताखाली माणसे मारली गेली त्याने तुरुंगातच जायला हवे होते. पण पुढाऱ्याला दार बंद करताना त्याच्या समाजासाठी दुसरे दार उघडावे लागते. १९४८ मध्ये ते कुणी उघडले नाही. मग पुढाऱ्याचे नाव गेले आणि शिवी मागे राहिली. आजही निवडणुकीच्या सभेत 'रझाकार' हा शब्द लातूर-नांदेडपासून आमच्या कुर्ला-गोवंडीपर्यंत अशा पोरांना चिकटवला जातो, ज्यांच्या आजोबांनी ती टोपी कधी घातली नव्हती.

जगात इतरत्रही हेच दिसते. मिझोराममध्ये वीस वर्षे लढलेल्या लालडेंगांनी ३० जून १९८६ रोजी केंद्राशी करार केला. काँग्रेसचे मुख्यमंत्री लालथनहवला यांनी खुर्ची सोडली आणि लालडेंगा मुख्यमंत्री झाले. त्यांचे साथीदार झोरामथंगा पुढे निवडणूक जिंकून मुख्यमंत्री झाले आणि हरल्यावर निमूट पायउतार झाले. इंडोनेशियातल्या आचेहमध्ये २००५ मध्ये समझोता झाला आणि पुढच्याच वर्षीच्या निवडणुकीत बंडखोरांचा माणूस, इरवांदी यूसुफ़, गव्हर्नर झाला. कोलंबियाने २०१६ च्या करारात बंडखोरांच्या पक्षाला दोन मुदतींसाठी संसदेत दहा जागा राखून दिल्या, पण गुन्ह्यांच्या चौकशीसाठी वेगळे न्यायालयही नेमले. बळी पडलेल्यांना तिथे बोलता आले. साताऱ्यात जे राहून गेले ते कोलंबियाने निदान करून पाहिले.

गडचिरोलीबद्दल माझे म्हणणे यातूनच निघते. शरण आलेल्याला घर, पैसा, नोकरी मिळावी हे ठीकच. पण भामरागड-एटापल्लीच्या आदिवासीला ग्रामसभा, वनहक्क आणि खाणी यांवर मोकळेपणाने भांडता येते का, आणि भांडताना त्याला कुणी नक्षलवादी म्हणते का, हे बघायला हवे. तसे म्हटले गेले, तर बंदुका गोळा झाल्या आणि परत कुणीच आले नाही, असे होईल. उद्या एखादा माजी बंडखोर सरकारच्या विरोधात उभा राहून जिंकला तर आपण ती जीत मान्य करू का, हा १९५७ चा प्रश्न अजून जुना झालेला नाही.

आणि आपल्या लोकांना एक सांगायचे आहे. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिदिन असतो. त्या दिवशी घरात बसून राहू नका. शोएबुल्लाह ख़ान आपले आहेत, मख़दूम आपले आहेत, हे शाळेत, मोहल्ल्यात, मराठीतून सांगा. सुंदरलाल समितीचा अहवालही वाचा आणि त्याबद्दलही बोला. दोन्ही गोष्टी एका तोंडाने सांगता आल्या, तरच ऐकणारा विश्वास ठेवतो.

नाना पाटलांची शेवटची मोठी निवडणूक साताऱ्यात झालीच नाही. १९६७ मध्ये ते बीडमधून लोकसभेवर निवडून गेले. बीड म्हणजे निजामाचा जिल्हा, पोलीस कारवाईला जेमतेम साडेअठरा वर्षे झालेली. सहासष्ट वर्षांचा, परक्या मुलखातून आलेला, एकेकाळी ज्याच्या डोक्यावर इनाम होते असा हा म्हातारा तिथे दुष्काळ आणि जमिनीवर बोलत फिरला. त्या मतदारयादीत मुसलमानांचीही नावे होती.